एक्स-रेबाईची चित्रं

ती पहिल्यांदा माझ्या दुकानात आली तेव्हा तिनं काउंटरवर माणसाच्या बरगड्या ठेवल्या आणि म्हणाली, “याला फ्रेम करून हवीय.”

मी म्हटलं, “बाई, हाडांचा दवाखाना पलीकडच्या गल्लीत आहे.”

“तिथूनच येतेय. एक्स-रे काढते मी तिथं. तुम्ही फ्रेमचं बोला.”

मी चष्मा नाकावर घेतला आणि नीट बघितलं. एक्स-रेची काळी फिल्म होती, कात्रीनं शिडीसारखी कापलेली. बरगड्या म्हणजे शिडीच्या पायऱ्या. त्यांवर बसची तिकिटं चिकटवलेली, गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागद, शर्टाचं एक बटण, आणि अगदी वरच्या टोकाला कुठल्यातरी मासिकातून कापलेला बूट. एकच, डाव्या पायाचा. पाठीमागे पेन्सिलीनं चित्राचं नाव लिहिलेलं, ‘बाजूने, श्वास रोखून’.

आता मी फ्रेमवाला. माझ्या हातून लग्नाचे फोटो, पदव्या, धबधबे, टोपलीतली मांजरीची पिल्लं आणि बरेचसे मेलेले आजोबा गेलेले आहेत. चित्र कसंही असो, मी चारी बाजूंनी पट्ट्या ठोकतो आणि गप्प बसतो. गिऱ्हाइकाच्या आवडीत नाक खुपसलं की धंदा बसतो. पण त्या दिवशी माझ्या जिभेला हाड राहिलं नाही.

“हे आहे काय?” मी विचारलं.

“माझा भाऊ. परदेशात गेला, तो वर चढत चढत दिसेनासाच झाला.”

“मग त्याचा फोटो नाही का तुमच्याकडे? फोटोला छान फ्रेम करून देतो.”

“आहे की,” ती म्हणाली. “फोटोत तो नुसता हसतो.”

मी माप घेतलं. माझा स्वभाव तापट आहे, गल्लीत कुणालाही विचारा. चुकीचं माप घेऊन कुणी आलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. पण ही बाई माप मिलिमीटरपर्यंत बरोबर सांगत होती, त्यामुळे भांडायला काही जागाच राहिली नाही.

तिला सगळे एक्स-रेबाई म्हणतात. चणीनं बारीक, केस चापून बांधलेले, कोटाच्या खिशात कायम एक लहान कात्री. पण आवाज असा की बोलायची सोय नाही. जन्मभर लोकांना ‘हनुवटी वर, खांदे सैल, हलायचं नाही’ असं सांगत आलेली बाई ती. ती साधं ‘चहा घेणार का’ विचारते तेव्हासुद्धा माणूस नकळत ताठ उभा राहतो. पाववाला तर तिच्यासमोर श्वास रोखूनच पाव बांधतो, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

दवाखान्यात ज्या जुन्या फिल्म कुणी न्यायला येत नसे, त्यांवरची नावं कापून डॉक्टर तिला देऊन टाकायचे. त्यांतून तिची चित्रं सुरू झाली. आधी नुसत्या फिल्म कापायची. मग त्यांत तिकिटं आली, पाकिटं आली, पडद्यांच्या चिंध्या आल्या, जुन्या नकाशातले समुद्र आले. शाळेत चित्रकलेत नापास झालेली बाई. सरळ रेघ म्हणून काढता येत नाही तिला, अजूनही. पण कात्री हातात दिली की बघत राहावं.

फ्रेमा पोचवायच्या निमित्तानं मी तिच्या घरी जायला लागलो. तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. जेवायचं टेबल आहे, पण त्यावर कुणी जेवल्याचं माझ्या पाहण्यात नाही. टेबलावर चित्र पसरलेलं असायचं आणि बापलेक ताटल्या मांडीवर घेऊन जेवायचे. भिंतीला दवाखान्यानं मोडीत काढलेलं औषधांचं कपाट, छोट्या छोट्या खणांचं. खणांवर चिठ्ठ्या लावलेल्या. ‘गोल’, ‘टोकदार’, ‘बरा निळा’, ‘उदास निळा’, ‘कुणाचे तरी डोळे’, ‘नंतर बघू’. ‘नंतर बघू’ हा खण इतका भरलेला की तो उघडायला दोघं लागायचे.

तिचं काम म्हणजे एक तपश्चर्याच. चिमट्यानं एकेक तुकडा उचलायचा, ठेवायचा, मागे सरून बघायचं, पुन्हा उचलायचा. खळ शेवटच्या दिवसापर्यंत लावायची नाही. सगळं नुसतं ठेवलेलं. एकदा मी तिथं असताना बाबांना शिंक आली आणि आठवड्याभराचं काम उडून कपाटाखाली गेलं. तिच्या जागी मी असतो तर आभाळ डोक्यावर घेतलं असतं. ती म्हणाली, “बरं झालं बाबा, उजवी बाजू जमतच नव्हती.”

बाबा म्हणजे तिचे वडील. कारखान्यात बॉयलरवर होते, त्यात कान गेले. त्यांना ऐकू येत नाही म्हणून ते स्वतः ओरडून बोलतात. पायही थकलेत, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असतात. मला ते पहिल्या दिवसापासून मिस्त्री म्हणतात. लेकीच्या कलेबद्दल त्यांचं मत एका वाक्यात होतं आणि ते शेजारच्या इमारतीपर्यंत ऐकू जायचं. “हिच्या आईनं जन्मभर घर सांधलं, आणि ही बया दिसेल ते कापत सुटलीय.”

“बाबा, मी सांधतेच आहे,” ती म्हणायची. बाबांना ते ऐकू जायचं नाही.

हळूहळू मला तिची चित्रं वाचता यायला लागली. खुर्ची दिसली की बाबा. मासिकातली असो, कापडाची असो, फिल्ममधून कापलेली असो, खुर्चीच्या डोक्यावर वाफेचा एक पांढरा ढग असायचाच, बॉयलरचा. इस्त्री म्हणजे आई. ती लोकांचे कपडे इस्त्री करून द्यायची. आईला जाऊन कैक वर्षं झाली, पण चित्रातली इस्त्री कायम तापलेली, खाली पिवळाधमक कागद. मिटलेली छत्री म्हणजे दवाखान्याचे डॉक्टर, कारण ते हुशार आहेत पण वेळेवर कधी उघडत नाहीत. पाववाला म्हणजे अर्धा चंद्र, कारण तो चंद्र असतानाच उठतो. आणि ती स्वतः म्हणजे एक मनगट. लहानपणी झाडावरून पडून तिचं मनगट मोडलं होतं, त्याची फिल्म आईनं जपून ठेवली होती. त्याच्या लहान लहान प्रती काढून ती प्रत्येक चित्रात एक लावते, तडा स्पष्ट दिसेल अशी.

“तडा गेलेलंच का?” मी विचारलं होतं.

“सांधला गेलाय तो,” ती म्हणाली. “नीट बघा ना.”

हे सगळं ती मला सांगायची, कारण मी फ्रेम करताना चिडून विचारायचो. बाकी कुणाला नाही. प्रोफेसर म्हणून एक गृहस्थ आहेत, चित्रकलेच्या शाळेत शिकवतात, लांब दाढी, गुडघ्यावर रंगाचे डाग. त्यांनी तिची चित्रं माझ्या दुकानाच्या काचेतून बघितली आणि हरखून आत आले. असलं काम आपल्या गावात कुणी करत नाही, हे फार पुढचं काम आहे, असं मला सांगायला लागले, जसं काही मीच केलंय. त्यांनीच तिची चार-दोन चित्रं इकडे तिकडे लावली. तिथं एका बाईनं तिला विचारलं, या इस्त्रीचा अर्थ काय? ही म्हणाली, “इस्त्री.” त्यावर ती बाई बराच वेळ विचार करत उभी राहिली.

आमचं पहिलं भांडण झालं ते माउंटवरून. माउंट म्हणजे चित्र आणि काच यांच्यामध्ये आम्ही जाड पुठ्ठ्याचा कोरा काठ बसवतो तो. तो चित्राच्या कडेवर थोडा चढून बसतो. बसावाच लागतो, नाहीतर चित्र काचेला चिकटतं, बुरशी धरते. पण तिनं पहिली फ्रेम हातात घेतली आणि तिचा चेहरा असा झाला की जणू मी तिच्या पोराचा कान कापलाय.

“माझं अर्धं बोट खाल्लंत.”

“बाई, माउंट काठ खातोच.”

“त्या अर्ध्या बोटात पोस्टमनचा कुत्रा होता.”

खरंच होता. कुत्र्याची शेपटी तेवढी बाहेर राहिली होती. आम्ही दोघं तासभर भांडलो. मी तिला पट्टी दाखवली, पुठ्ठा दाखवला, बुरशी धरलेलं एक जुनं चित्र दाखवलं. शेवटी तह झाला. चित्राच्या चारी बाजूंना ती दोन बोटं कोरी जागा सोडणार, त्यावर मी हवा तेवढा माउंट चढवावा. काठ माझा, मधलं तिचं. त्या दिवसापासून ती मला चौकटवाले म्हणायला लागली, आणि तिचा काठ कोरा आहे की नाही हे मी बघायचंसुद्धा सोडून दिलं.

आता मुद्द्याचं सांगतो. मला ती आवडायला लागली होती. माझं लग्न राहूनच गेलं होतं. आधी धंदा, मग आईचं आजारपण, मग स्वभाव. त्याचं मला काही वाईट वाटत नव्हतं. पण ती चित्र टेकवून गेली की दुकान एकदम रिकामं वाटायचं, आणि पुढच्या गिऱ्हाइकावर मी उगाच खेकसायचो. मग माझ्या लक्षात आलं की मी तिच्या प्रत्येक चित्रात काहीतरी शोधतोय. पाववाला आला होता. डॉक्टर आले होते. जिन्यातली मांजर, समोरचा न्हावी, पोस्टमन आणि पोस्टमनचा कुत्रा, सगळे आले होते. एकदा तर वाफाळणारी किटली आली होती, ती म्हणजे त्यांच्या शेजारीणबाई. मी मात्र कुठंच नव्हतो. इतकी चित्रं माझ्या टेबलावर आडवी झाली, उलटी सुलटी करून बघितली, माझा पत्ता नाही. मला ते फार लागलं. कुत्र्यापेक्षाही मी कमी का?

माझी थोरली बहीण, ताई, पोस्टात काउंटरवर असते. तिच्या नजरेतून काही सुटत नाही. एका संध्याकाळी ती दुकानात आली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “तोंड उघडून विचार तिला. चित्रात भिंग लावून काय बघत बसलायस?”

मी विचारलं. पण विचारायची वेळ चुकली. काच कापताना माणसानं बोलू नये, हे मी सगळ्यांना सांगतो, आणि मीच काच कापता कापता म्हणालो, “तुम्ही आणि बाबा माझ्याकडे राहायला या. लग्न करून. म्हणजे लग्न तुम्ही. बाबा नुसते.”

काच तडकली. ती हसली नाही. तिनं काचेचा तुकडा उचलून बाजूला ठेवला.

“तुमचं घर दुकानाच्या वर,” ती म्हणाली. “जिना कसला, शिडी आहे ती. बाबा कसे चढणार?”

“मी उचलून नेईन.”

“रोज?”

“रोज.”

तिचे कान लाल झालेले मला दिसले, माझे झालेच असणार. मग ती म्हणाली, “मला बोलून काही धड सांगता येत नाही, चौकटवाले. प्रोफेसर प्रदर्शन भरवतायत, त्यासाठी मोठं चित्र करतेय. उत्तर त्यात देते.”

“साध्या हो-नाहीला चित्र कशाला?”

“साधं असतं तर सांगितलं नसतं का?” ती म्हणाली आणि निघून गेली.

ताईला सांगितलं तर तिनं कपाळाला हात लावला. “त्या म्हाताऱ्याला शिडीवरून कशाला उचलतोस? तूच जा की तिच्याकडे राहायला. तळमजला आहे.”

“घरजावई होऊ? या वयात?”

“या वयात तुला जावई म्हणून कुणी घेतंय हेच खूप.”

माझा संताप झाला. स्वतःच्या हातानं उभं केलेलं घर सोडून बायकोच्या घरी जाऊन राहायचं, गल्ली काय म्हणेल, मी काय म्हणेन. मी ताईशी त्या दिवशी धड बोललो नाही. ती नेहमीसारखी माझ्या डब्यातलं अंडं खाऊन गेली.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी चित्र आलं. टॅक्सीतून, आडवं धरून, तिनं आणि टॅक्सीवाल्यानं मिळून आत आणलं. केवढं चित्र, माझं अख्खं टेबल भरलं. तिला दवाखान्यात पोचायचं होतं. जाता जाता म्हणाली, “सांभाळा, काठाची खळ अजून ओली आहे. आणि नीट बघा.”

मी दुकानाचं दार लावून घेतलं आणि बघायला लागलो. चित्रात एक लांबलचक टेबल होतं, नकाशांचं बनवलेलं, निळ्या समुद्रांचं. सगळा ‘बरा निळा’. त्या टेबलाभोवती सगळे जमलेले. बाबांची खुर्ची, वाफेसकट. आईची इस्त्री, खाली पिवळा कागद. वर चढून गेलेला भावाचा बूट या वेळी टेबलाशी उतरून आलेला. अर्धा चंद्र, किटली, कुत्रा शेपटीसकट पूर्ण. डॉक्टरांची छत्रीसुद्धा उघडलेली. मधोमध तिचं मनगट, आजवरचं सगळ्यात मोठं. इतकं आनंदी चित्र तिनं कधी केलं नव्हतं. आणि त्यात मी नव्हतो.

मी डावीकडून उजवीकडे शोधलं, उजवीकडून डावीकडे शोधलं. कात्री दिसते का, हातोडी दिसते का, निदान एखादा खिळा. काही नाही. टेबलाभोवती एक रिकामी जागासुद्धा नाही, जिथं मी बसेन असं म्हणता येईल. उत्तर स्पष्ट होतं. मी स्टुलावर बसून राहिलो.

आणि त्यात भर म्हणजे काठ. चित्राच्या चारी कडांना ओल्या खळीवर माझ्या दुकानातला सगळा कचरा चिकटलेला. भुसा, पेन्सिलीच्या साली, पट्ट्यांचा सोनेरी चुरा. पंखा चालू होता, मी बंद करायला विसरलो होतो, वाऱ्यानं उडून बसलं सगळं. तिनं जाता जाता सांगितलं होतं, सांभाळा. तेवढंही माझ्या हातून झालं नव्हतं. खरवडायला जावं तर कागद फाटणार. मग मी नेहमीपेक्षा दुप्पट रुंद माउंट कापला, पांढराशुभ्र, आणि तो कचरा असा झाकला की नावनिशाणी राहू नये. नाही म्हणाली तर म्हणाली, पण तिचं चित्र तरी लोकांना स्वच्छ दिसू दे. मी त्या फ्रेमचे कोपरे इतके मन लावून जुळवले की तसे पूर्वी कधी जुळले नव्हते.

प्रदर्शन एका बंद पडलेल्या छापखान्याच्या हॉलमध्ये होतं. उंच खिडक्या, सकाळचं ऊन, जमिनीवर शाईचे जुने डाग. माणसं चांगली जमली होती. पाववाला नवा शर्ट घालून आला होता आणि भेटेल त्याला अर्धा चंद्र दाखवत होता. “हा मी. नाही, तो ढग नाही, तो मी.” चित्राखाली नाव लिहिलं होतं, ‘समोरून, श्वास सोडून’. प्रोफेसर चित्रासमोर उभे राहून चार लोकांना सांगत होते, आणि मी मागे उभा राहून ऐकत होतो.

“सगळे जमलेत, बघा,” ते म्हणाले. “आनंद आहे. पण मला सारखं वाटतंय, यांतलं कुणीतरी आलेलं नाही. ही मंडळी कुणासाठी तरी थांबलीत.”

माणूस समजदार होता, त्याचं चुकलं नव्हतं. पण माझ्या जखमेवर मीठच पडलं. मी टोपी उचलली आणि दाराकडे निघालो. दारात ताई उभी.

“कुठं निघालास?”

“दुकान उघडायचंय.”

“रविवारी?”

“तिचं उत्तर मिळालं, ताई. मी नाही त्यात. बास झालं.”

ताईनं माझ्या बाहीला धरलं. ती काही बोलणार तेवढ्यात बाहेर टॅक्सीचं दार वाजलं आणि एक्स-रेबाई बाबांना चाकाच्या खुर्चीतून आत घेऊन आली. दवाखान्याची खुर्ची होती, एक चाक किरकिरत होतं. तिनं कधी नव्हे ते केस मोकळे सोडले होते. मला बघून ती अशी लाजली की मला काही कळेचना. नाही म्हणणारी बाई कशाला लाजेल?

मग तिची नजर चित्रावर गेली. ती थांबली. खुर्ची तिथंच सोडून ती सरळ चित्रापाशी गेली, नाक काचेला लागेल इतकी जवळ, आणि काठावरून बोट फिरवलं, चारी बाजूंनी.

“माउंट एवढा रुंद कुणी केला?”

हॉल शांत झाला. तिच्या त्या आवाजापुढे दुसरं काही होतच नाही.

“मी केला,” मी म्हटलं. आता लपवून काय उपयोग? “तुमच्या काठाला माझ्या दुकानातला कचरा चिकटला होता. पंखा चालू राहिला माझ्याकडून. मला लाज वाटली, म्हणून झाकला.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता रडते. पण ती हसायला लागली. जवळच्या बाकावर बसली आणि हसतच राहिली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी थांबेना. प्रोफेसरांनी पाण्याचा ग्लास आणला, तो तिनं बाजूला सारला.

“तो कचरा नव्हता, चौकटवाले,” ती म्हणाली. “ते तुम्ही होतात.”

माझी अक्कल कुठं गहाण पडली होती कोण जाणे, मला तेव्हाही उमजेना. मी चित्र भिंतीवरून काढलं, जमिनीवर पालथं ठेवलं, खिशातल्या पकडीनं खिळे उपसले. प्रोफेसरांनी गुडघे टेकून काच धरली. माउंट उचलला आणि मी तो काठ पहिल्यांदा बघितला. म्हणजे खरा बघितला.

पेन्सिलीच्या साली एकीला एक लावून झालर केली होती. भुसा दोन रंगांचा, गडद लाकडाचा आणि फिक्या लाकडाचा, चौकटी चौकटींनी भरलेला. कोपऱ्यांवर पट्ट्यांचा सोनेरी चुरा. मधे मधे घासकागदाचे तुकडे, मी शिव्या घालून फेकलेले वाकडे खिळे, माझ्या दातांच्या खुणांसकट पेन्सिलीचं बुटकं टोक, आणि अंगठा कापला होता तेव्हाच्या औषधी पट्टीचा कागद. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, कुठं एक केसभर जागा सोडली नव्हती. वाऱ्यानं असं काही बसत नाही. दरवेळी दुकानातून निघताना ती वाकून बुटाची नाडी बांधायची, आणि मला वाटायचं, एवढ्या मोठ्या बाईला नाडी धड बांधता येत नाही. ती माझ्या जमिनीवरून मला वेचून नेत होती.

मला आनंद झाला. इतका की मला भीती वाटली, उभा राहिलो तर पडेन. मी जमिनीवरच बसून राहिलो.

ती माझ्याशेजारी येऊन बसली. “तुम्हाला मधे कुठं ठेवायचं ते मला कधी जमलंच नाही,” ती हळू आवाजात म्हणाली. हळू बोलता येतं तिला, हे मला नव्यानंच कळलं. “कात्री करून बघितली, हातोडी करून बघितली. कुठंही ठेवलं तरी खोटं वाटायचं, उचलून टाकायचे. मग लक्षात आलं, काठ तर मी कधीपासून तुमच्यासाठीच रिकामा ठेवत आलेय.”

“म्हणजे हो?” मी विचारलं. मला कुठलीही गोष्ट मापात सांगितल्याशिवाय पटत नाही.

ती काही म्हणायच्या आत चाकाच्या खुर्चीतून बाबा ओरडले, “काय झालं? चित्र फुटलं का? मिस्त्री खाली का बसलाय?”

ती उठली, बाबांच्या कानाशी गेली आणि तिच्या त्या एक्स-रेच्या आवाजात म्हणाली, “चित्र बरं आहे, बाबा. लग्न करतोय आम्ही. मिस्त्री आपल्याकडे राहायला येतायत. कायमचे.”

अख्खा हॉल वळून माझ्याकडे बघायला लागला. पाववाल्यानं टोपी काढली. आपल्याकडे, राहायला, कायमचे. मला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि मी त्यावर ताईशी केवढा वाद घातला होता. माझं तोंड उघडलंसुद्धा. गिऱ्हाईक पट्टीचा रंग बदलून मागतं तेव्हा त्याला उभं आडवं घेणारा माणूस मी. ती बाबांच्या खांद्यावर हात ठेवून माझ्याकडे बघत होती, आणि तो हात थरथरत होता. सगळ्या गल्लीला ‘हलायचं नाही’ म्हणून सांगणारी ती, आणि तिचाच हात स्थिर राहत नव्हता.

“हो,” मी म्हटलं. “येतोय. उद्याच येतो.”

बाबांनी मला आपादमस्तक न्याहाळलं, मी जमिनीवर होतो तसाच. मग लेकीला विचारलं, “घोरतो का?”

“घोरतो,” ताई मागून म्हणाली. बाबांना ते ऐकू गेलं नाही, म्हणून तिनं पुढे येऊन पुन्हा एकदा, चांगलं मोठ्यानं सांगितलं.